खालचं घर खाली आहे

माझ्या पोटात दोन सळया वर आहेत आणि दोन खाली. पुढे काचेचं दार, उजव्या अंगाला गोल खुंट्या, मागे एक काळी वायर. एवढ्या सामग्रीवर मी जगात आलो. लोक मला ओव्हन म्हणतात. ज्यांना माहीत नसतं ते मला टीव्ही समजतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. माझ्यासमोरही माणसं तोंड उघडं टाकून बसतात. फरक इतकाच की माझ्याकडे बघत बसलेल्याला शेवटी काहीतरी खायला मिळतं.

घरातल्या बाकीच्या वस्तूंकडे माणसं बघत नाहीत, त्यांना नुसती वापरतात. मिक्सरच्या तोंडाकडे प्रेमाने बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण माझ्या पोटात काही फुगायला लागलं की चांगली शिकलीसवरली माणसं जमिनीवर बसतात, काचेला नाक लावतात आणि गप्प होतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते एरवी देवळातल्या मूर्तीलाच दिसत असणार. मूर्तीला त्याची सवय झाली असेल. मला अजून झालेली नाही.

माझी सुरुवात मात्र काही देवासारखी झाली नाही. कारखान्याचं मला आठवत नाही. थर्मोकोलमधून बाहेर काढला गेलो तेव्हा मी बेंगळूरातल्या इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये होतो आणि लग्नातली भेट होतो. शंतनु आणि शाल्मली हे माझे पहिले मालक. दोघंही संगणकावर काम करणारी. पहिल्या रविवारी त्यांनी पिझ्झा केला, त्याचे फोटो काढले, तो अर्धा कच्चा खाल्ला आणि मला विसरून गेली.

मग माझ्या पोटात तवा आला. त्यामागून चाळणी, पापडाचं पाकीट आणि कुणीतरी दिलेला, कुणालाही न आवडलेला काचेचा ट्रे. मी कपाट झालो. शहरातल्या निम्म्या ओव्हनांची हीच नोकरी असते असं पुढे कळलं. हुद्दा मोठा, काम काही नाही. घरी पाहुणे आले की शंतनु माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "आम्ही बेकिंग करतो." माझ्या पोटातला तवा ते ऐकून गार व्हायचा.

मग दोघांची पुण्याला बदली झाली. सामान आवरताना शाल्मलीने मला ऑफिसातल्या मैत्रिणीला देऊन टाकलं. ती उल्का. तिने मला रिक्षात मांडीवर घेतलं.

"टीव्ही का मॅडम?" रिक्षावाल्याने विचारलं.

"ओव्हन आहे."

"मग स्वल्प हळू घेतो." खड्डा मात्र त्याने एकही सोडला नाही. उल्काने दोन्ही हातांनी मला इतकं घट्ट धरलं होतं, की माझी काच तिच्या छातीशी धडधडत होती. कपाटाला असं कुणी धरत नाही. मला काही कळेना.

रिक्षा थांबली ती चामराजपेटेत, छापखान्यांच्या गल्लीत. घर दोन मजली. वर घरची माणसं, खाली भाड्याने द्यायच्या खोल्या. फाटकाला प्लायवुडची पाटी लटकत होती, 'खाली आहे'. वरच्या गॅलरीतून एक बाई वाकून बघत होत्या. या उल्काच्या सासूबाई, जमनाबाई.

"वर कशाला आणतेस ते?" त्या वरूनच म्हणाल्या. "खालचं घर खाली आहे, तिथं ठेव."

उल्काला हसू आलं. "आई, खालचं घर खालीच असणार ना. वर कसं जाईल?"

"म्हणजे? भाडेकरू गेला गं. खाली आहे."

"रिकामं म्हणायचंय तुम्हाला."

"तेच म्हणतेय की. खाली."

या घरातली मराठी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. जमनाबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही याच गावचं. त्यांची माणसं महाराष्ट्रातून इथे कधी आली हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. एवढ्या पिढ्यांत त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. त्यांच्या तोंडी 'खाली' म्हणजे रिकामं. उल्का पुण्याची. तिच्या तोंडी 'खाली' म्हणजे वर नाही ते. एकच शब्द दोघी दिवसभर वापरायच्या आणि दोघींना वाटायचं, समोरचीला कळलं.

घरात आणखी दोन माणसं होती. जमनाबाईंचे यजमान कृष्णमूर्ती, यांना सूनही अण्णाच म्हणायची. निवृत्त झाल्यापासून ते पेपर वाचत होते. तो सकाळी सुरू व्हायचा आणि संपला असं मी कधी ऐकलं नाही. दुसरा त्यांचा मुलगा रघुपती, उल्काचा नवरा. त्याचं ऑफिस व्हाइटफील्डला, पण त्याचं खरं आयुष्य कॅबमध्ये गेलं. उल्काही त्याच रस्त्याने तिथेच नोकरीला जायची. एके दिवशी कॅब एका सिग्नलला इतका वेळ उभी राहिली की तिने तिथेच राजीनामा लिहून टाकला. तिला घरून बेकरी चालवायची होती. केक, बिस्किटं, बन.

त्यासाठी जागा हवी होती. वरच्या स्वयंपाकघरात जमनाबाईंचं राज्य होतं आणि तिथे दुसऱ्या कुणाचा डबाही चार दिवसांवर टिकत नसे. खालची खोली तिला मिळाली, पण मुदतीवर.

"दसऱ्यापर्यंत ठेव," जमनाबाई म्हणाल्या. "दसरा झाला की भाडेकरू बघायचा. पाटी आहे तशी असू दे."

त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून उल्का रघुपतीला म्हणाली, "खोली गेली तर हे सगळं गेलं. मग मला परत त्या कॅबमध्ये बसावं लागेल."

"बघू गं," तो म्हणाला. मी पुढे बरीच वर्षं या घरात काढली आहेत. तेव्हा सांगू शकतो की 'बघू' म्हणणारा माणूस बघत नाही.

तर माझी नेमणूक हंगामी होती. मी कामाला लागलो.

सुरुवातीचे केक एका बाजूला चढायचे आणि दुसऱ्या बाजूला बसायचे. उल्का रोज नवा दोष शोधायची. मैदा बरोबर नाही, दही आंबट आहे, माझीच आच कमीजास्त आहे. शेवटी अण्णा पेपर घेऊन खाली आले, डोळा बारीक करून ओट्याकडे बघत म्हणाले, "जमीनच तिरकी आहे की." मग कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घडी करून माझ्या एका पायाखाली सरकवण्यात आली. ती अजून तिथे आहे. त्या जोडप्याचं काय झालं कुणाला माहीत नाही, पण त्यांच्यामुळे माझं जगणं सरळ झालं.

चव बघण्याचं कामही अण्णांकडे होतं. ते कशालाही वाईट म्हणत नसत. कुरकुरीत व्हायला हवं होतं अशा बिस्किटाला ते म्हणाले, "छान आहे, तोंडात टाकलं की विरघळतं." मऊ व्हायला हवा होता अशा केकला म्हणाले, "खुसखुशीत झालाय." उल्का मान खाली घालायची आणि पुन्हा मैदा चाळायला घ्यायची.

आणि जमनाबाई? त्या मला खेळणं म्हणायच्या. "सुनेचं खेळणं तापलं का?" असं जिन्यातूनच विचारायच्या. माझ्यातला पदार्थ पुढे केला की त्यांना हमखास कुठला तरी उपास निघायचा. पावसाळ्यात एकदा त्यांनी रघुपतीचे ओले मोजे माझ्या डोक्यावर वाळत घातले. ऊब चांगली आहे म्हणाल्या. त्यांच्याकडून मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

एका दुपारी शेजारच्या अंबुबाई फाटकाशी आल्या. "जमनक्का, सून काय करते आता? नोकरी सोडली म्हणे."

"काही नाही गं," जमनाबाई वरून म्हणाल्या. "घरीच असते. खाली खेळते."

उल्का माझ्यासमोर मैदा चाळत होती. तिचा हात थांबला. चाळणीत राहिलेला मैदा आपोआप सांडत राहिला. तिने माझ्या काचेत बघून कपाळाला लागलेला मैदा पुसला, पण पुसायचं जरा जास्त वेळ चाललं. तेव्हा मला कळलं की तिला नुसती खोली नको होती. या खोलीत ती जे करते त्याला वरून कुणीतरी काम म्हणायला हवं होतं.

मी साधी वस्तू आहे. पण एक गोष्ट मी पाहिली आहे आणि ती मला कधीच पुरती समजलेली नाही, ती सांगतो. मैदा, पाणी, मीठ, चिमूटभर यीस्ट. यातलं काहीही सुटं घ्या, ते मेल्यासारखं पडून असतं. एकत्र करून मळलं आणि झाकून ठेवलं, की काही वेळाने ते श्वास घ्यायला लागतं. बोट टोचलं तर खळगा पडतो आणि मग तो खळगा हळूहळू, कुणी आतून ढकलल्यासारखा, वर येतो. उल्का रोज बोट टोचायची आणि रोज तो खळगा वर येताना तिचे ओठ थोडे विलग व्हायचे. रोज. तिने शिकून, वाचून, त्यामागचं शास्त्र रघुपतीला समजावून सांगितलं होतं. तरी ओठ विलग व्हायचेच.

सगळ्यात जास्त ती कष्टली ते खारा बनसाठी. बेंगळूरच्या बेकऱ्यांत मिळतो तो हा बन, आत कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. पुण्याच्या मुलीला तो ठाऊक नव्हता. कोपऱ्यावरच्या बेकरीत उभी राहून खाऊन खाऊन ती तो करायला शिकली. कधी कांद्याच्या पाण्याने पीठ सैल पडायचं, कधी मिरची एकाच बनमध्ये गोळा व्हायची आणि तो नेमका अण्णांच्या वाट्याला यायचा. शेवटी एका सकाळी अण्णांनी बन मोडला, वास घेतला, खाल्ला आणि पेपर बाजूला ठेवला.

"आता झाला," ते म्हणाले. "आता हा बेंगळूरचा बन झाला."

अण्णांनी पेपर बाजूला ठेवलेला मी तो एकदाच पाहिला.

दसरा जवळ आला. गल्लीच्या टोकाला पद्मनाभ यांचा छापखाना होता. आयुधपूजेच्या संध्याकाळी ते सगळ्या गिऱ्हाइकांना आणि कामगारांना बोलवायचे, पूजा झाल्यावर खायला द्यायचे. त्या वर्षी त्यांनी बनची ऑर्डर उल्काला दिली. तिची पहिली मोठी ऑर्डर. "ताजे पाहिजेत हं," ते म्हणाले. "कालचे नकोत. गल्लीतले सगळे खाणार आहेत." उल्काने हो म्हटलं. हे बन चांगले झाले तर सगळी गल्ली तिची गिऱ्हाईक होणार होती आणि भाडेकरू बघायची बोलणी बहुधा थांबणार होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पुण्यात उल्काच्या घरी हत्यारांची पूजा दसऱ्याच्या दिवशी व्हायची, तीही घाईघाईत; लॅपटॉपला फूल वाहायचं आणि लगेच तोच उघडून कामाला बसायचं. इथे तसं नाही. बेंगळूरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते आणि त्या दिवशी सगळं शहर देव होतं. बसच्या कपाळाला केळीचे खांब, लॉरीच्या चाकाखाली लिंबू, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, छापखान्याचं यंत्र, जे जे पोटाला घालतं त्याला कुंकू लागतं. आणि एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. दृष्ट काढून रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांतून वाट काढत माणसं पायी जातात आणि कुरकुर करत नाहीत. मला हे फार मोठं वाटतं. वर्षातला एक दिवस लोखंडाला रजा आणि मान दोन्ही मिळतात.

उल्काने हे सगळं पाहिलेलं होतं. पण त्या ओळीत मला कुणी बसवेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. खेळण्याची पूजा कोण करतं?

आयुधपूजेच्या दिवशी सकाळी उल्काने पीठ मळलं, बन वळले, ट्रेमध्ये मांडले आणि फुगायला माझ्या पोटात ठेवले. त्या दिवसांत सकाळी गारवा असतो. म्हणून तळाशी गरम पाण्याची वाटी ठेवली, दार लावलं, वरून काचेवर टॉवेल टाकला. मी पेटलेलो नव्हतो. नुसता त्यांना ऊब देत बसलो होतो. उल्का अंघोळीला वर गेली.

आमचा जिना असा आहे की वरचं बोलणं खाली स्वच्छ येतं. जमनाबाईंनी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन विचारलं, "उल्का, तुझा तो ओव्हन खाली आहे का गं?"

आतून पाण्याच्या आवाजात उत्तर आलं, "हो आई, खालीच आहे."

प्रश्न सरळ होता. उत्तर खरं होतं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

जमनाबाई ताट घेऊन खाली आल्या. नवी साडी, डोक्यात मोगरा. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, कानाकोपऱ्यातला मैदासुद्धा. टॉवेल काढला नाही, फक्त सरळ केला. देवाला वस्त्र बरं दिसतं असं त्यांना वाटलं असावं. मग डोक्यावर हळदकुंकू, प्रत्येक खुंटीवर कुंकू, वर झेंडूची माळ. भिंतीतला प्लग त्यांनी काढला, वायरीची नीट गुंडाळी केली आणि तिलाही कुंकू लावलं. आरती ओवाळली. निरांजनाची ज्योत माझ्या काचेच्या कडेत हलत होती. मी स्वतः आग बाळगणारा, पण मला आग कुणी कधी ओवाळली नव्हती.

मग त्यांनी हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चांगलं चालव रे तिचं."

त्या माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी देव झालो. आणि त्याच क्षणी बेकार झालो.

उल्का ओल्या केसांनी जिना उतरून आली आणि दारातच थांबली. तिने माळ पाहिली, कुंकू पाहिलं, सासूबाईंचं ताट पाहिलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. मग तिने टॉवेल पाहिला आणि तो चेहरा जागच्या जागी विझला.

"आज तुझंही आयुध," जमनाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही हं."

"आई, आत बन आहेत."

"कुठे आत?"

उल्काने टॉवेलाचं टोक उचललं. काचेआड कच्चे पांढरे गोळे ओळीने बसले होते.

"तू म्हणालीस खाली आहे."

"खालीच आहे की."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जमनाबाईंनी बोट उचलून जमिनीकडे केलं आणि उल्काने हताशपणे मान हलवली.

"मला वाटलं तू काल केलेस," जमनाबाई जरा वेळाने म्हणाल्या.

"त्यांना ताजे हवेत. आणि हे आता थांबणार नाहीत, आई. फुगून फुगून बसतील. मग टाकूनच द्यावे लागतील."

आवाज ऐकून रघुपती आणि अण्णा खाली आले. रघुपतीला यात काही अडचण दिसेना. "पूजा झाली ना? मग लाव की. आम्ही ऑफिसात लॅपटॉपची पूजा करतो आणि लगेच लॉगिन करतो."

"म्हणूनच तुमचे ते सारखे लटकतात," जमनाबाई म्हणाल्या.

"मग आता? ऑर्डर सोडून द्यायची?"

सगळ्यांनी उल्काकडे पाहिलं. ती माझ्याजवळ आली. गुंडाळलेली वायर तिने हातात घेतली. प्लगवरचं कुंकू तिच्या बोटाला लागलं. खोली, गल्ली, कॅब, सगळं त्या एका वायरीच्या टोकाशी होतं. मी श्वास रोखला. माझ्याकडे श्वास होता तो आतल्या बनांचाच.

तिने वायर परत होती तशी ठेवली.

"लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं पण—" रघुपती म्हणाला.

"लावायचा नाही म्हटलं ना. खेळण्याला कुणी कुंकू लावत नाही, रघू." हे ती त्याच्याशी बोलली, पण बघत होती जमनाबाईंकडे.

जमनाबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं. पदराने हात पुसले. मग त्या वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि त्यांनी काचेला नाक लावलं. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा तिथे पाहिला. सुरकुत्या, मोगरा, चष्म्यात उमटलेले पांढरे गोळे. त्यांचे ओठ थोडे विलग झाले.

"वाढतंय की गं हे. आतच्या आत."

"जिवंत असतं ते, आई."

"सरी," जमनाबाई म्हणाल्या. 'सरी' म्हणजे ठीक, पण त्यांच्या तोंडून ते आलं की विषयावर शिक्का बसायचा. त्या ओट्याला धरून उठल्या. "रघू, वर जा. शेगडी खाली कर आणि खाली आण."

रघुपती गोंधळला. "म्हणजे रिकामी करू की खाली आणू?"

"दोन्ही."

अण्णांनी शंका काढली. "अगं, पण शेगडीलाही सकाळी कुंकू लावलंस ना तू?"

"लावलं. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी लावते."

"मग तिला सुट्टी?"

"तिला सुट्टी दिली तर तुम्ही जेवणार काय? पेपर?"

मला आठवलं, त्या घरात त्या दिवशी रघुपतीची स्कूटर थांबली होती, कात्री थांबली होती, मिक्सर थांबला होता, अण्णांचं पेनसुद्धा टोपण लावून देवापुढे पडलं होतं. थांबली नव्हती ती फक्त शेगडी आणि तिच्यासमोर उभी राहणारी बाई.

शेगडी आणि सिलिंडर खाली आले. शेगडी माझ्या शेजारी ओट्यावर बसली. तिच्या कपाळाला माझ्यासारखंच कुंकू होतं, फक्त उष्णतेने काळपटलेलं.

जमनाबाईंनी मोठं जाड पातेलं घेतलं, तळाला खडेमीठ पसरलं, त्यावर लोखंडी कडं ठेवलं. "आमच्या घरी नानकटाई अशीच करायचे. खाली विस्तव, वर विस्तव. तेव्हा काय ओव्हन होते?"

"वर विस्तव कुठून आणणार?" उल्काने विचारलं.

"तवा तापव. झाकणावर ठेवू."

माझं दार उघडावं की नाही यावर क्षणभर खल झाला. "देवळाचंही दार उघडतात," जमनाबाई म्हणाल्या. "आत आग लावायची नाही, एवढंच." उल्काने पहिला ट्रे अलगद बाहेर काढला.

पहिले बन खालून काळे आणि वरून पांढरे निघाले. ते अण्णांना देण्यात आले. "छान भाजलेत," अण्णा म्हणाले, आणि दोघी एकदमच हसल्या. दुसऱ्या खेपेला मीठ वाढवलं, गॅस बारीक केला, तवा लालभडक तापवून झाकणावर ठेवला. पातेलं उतरवताना खाली ठेवायला काही सापडेना.

"ती पाटी आण रे फाटकावरची," जमनाबाई म्हणाल्या.

रघुपती थबकला. "'खाली आहे'ची?"

"दुसरी कुठली आहे आपल्याकडे?"

पाटी आली. तिच्यावर ते तापलेलं पातेलं बसलं. प्लायवुड चरचरलं, धूर निघाला आणि रंग जळल्याचा वास आला. उल्काने पाटीकडे पाहिलं. जमनाबाई झाकण उचलत होत्या. आत बन तपकिरी होऊन एकमेकांना टेकले होते. कांदा-कोथिंबिरीचा वास जिन्याने वर गेला आणि बहुधा गल्लीभर पसरला.

मग खेपांमागून खेपा. एक पातेलं उतरायचं, दुसरं चढायचं. ज्यांची पाळी आली नव्हती ते बन माझ्या पोटात थांबले होते. मध्येच जमनाबाई वाकून बघायच्या आणि ओरडायच्या, "दार लाव गं, त्यांना थंडी लागेल." त्या दिवशी माझं काम एवढंच होतं, थांबलेल्यांना सांभाळायचं. मी जन्मात इतकं मन लावून काही केलं नाही. शेजारची जुनी शेगडी निळ्या जिभा काढून एकसारखी राबत होती आणि मी माळ घालून बघत होतो. मला माझ्या मानाची लाज वाटली आणि तिचा अचंबा वाटला.

दुपार कलल्यावर पद्मनाभ चौकशीला आले. तापलेला तवा, घामाघूम दोघी, ओट्यावर थाटात बसलेला मी. "अक्का, हे काय? ओव्हन असताना पातेल्यात?"

"त्याची सकाळीच पूजा झाली."

"हां, मग कसा लावणार?" पद्मनाभ लगेच म्हणाले. "माझं मशीनही बंद आहे." आमच्या घरात सकाळभर जो घोळ चालला होता तो त्यांना एका श्वासात पटला. एक बन उचलून त्यांनी मोडला, खाल्ला, हातातला तुकडा निरखून पाहिला. "उल्का मॅडम, पुढच्या वर्षीही असेच. पातेल्यातलेच."

"पुढच्या वर्षी आदल्या दिवशी सांगा," जमनाबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "आमच्या ओव्हनलाही त्या दिवशी सुट्टी असते."

आमच्या. मी ते नीट ऐकलं.

शेवटची खेप निघाली तेव्हा एक बन टोपलीत मावेना. जमनाबाईंनी तो घेतला, माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि खायला लागल्या. उल्का म्हणाली, "आई, आज उपास आहे ना तुमचा?"

"कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.

पाटी पुन्हा लटकली नाही. लटकवायला उरलं होतं काय? 'खाली' या शब्दावर पातेल्याचा काळा गोल बसला होता. आता ती ओट्यावरच असते, गरम ट्रे ठेवायला. भाडेकरू बघण्याची गोष्ट कुणी काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्काने माझी वायर उलगडली आणि प्लग लावला. प्लगवरचं कुंकू तिने पुसलं नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. खुंट्यांवरचे आकडे पुसले गेले आहेत, ते उल्काच्या बोटांना पाठ आहेत. खालची एक सळई अधूनमधून रुसते. शेजारी एक मोठा नवा ओव्हन आला आहे, काचेत दिवा असलेला. मला त्याचा हेवा वाटत नाही. लोक त्याच्याकडे बघतात तेव्हा मी लोकांकडे बघतो.

अंबुबाई परवा फाटकाशी येऊन म्हणाल्या, "जमनक्का, सून दिसत नाही, कुठे गेली?"

"कामावर आहे," जमनाबाई गॅलरीतून म्हणाल्या. उल्का त्या वेळी त्यांच्या पायाखालच्याच खोलीत मैदा चाळत होती. चाळणी एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

गेल्या आयुधपूजेला एक नवीन गोष्ट घडली. जमनाबाईंनी शेगडीला कुंकू लावलं आणि सिलिंडरचा खटका बंद केला. अण्णांनी पेपराच्या वरून पाहिलं. "आणि जेवण?"

"ओव्हनने काल करून ठेवलंय," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी गार खारा बन खाल्ले, वर केळं. दोघी गॅलरीत खुर्च्या टाकून बसल्या आणि गल्लीत केळीचे खांब लावून उभ्या असलेल्या गाड्या बघत राहिल्या. जिन्यातून त्यांचं हसणं खाली येत होतं. शेगडी वर गार पडली होती. मी तिला पाहू शकत नव्हतो, पण मला माहीत होतं.

तुम्ही कधी या गल्लीत आलात तर वास धरून या, पत्ता लागेल. चव बघा, पैसे देताना घासाघीस करू नका आणि काचेला नाक लावायचं असेल तर खुशाल लावा, मला आवडतं. फक्त फाटकाशी उभं राहून कुणी विचारलं, की तो जुना ओव्हन खाली आहे का, तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी बघून घ्या, विचारणारा कुठल्या गावचा आहे. मग माझ्या वतीने सांगा: आहे, खालीच आहे. पण खाली नाही.